अस्तर

कोट चॅरिटीच्या दुकानात द्यायचा म्हणून
खिसे तपासत होते.
खिशात एक बसचं तिकीट, दोन लवंगा.
पण डाव्या बगलेखाली अस्तर जाड लागलं.
एकतीस वर्षं मी लेस्टरच्या कारखान्यात
बाह्या जोडल्या, गळे शिवले;
बोट फिरवलं की कळतं मला
कुठला टाका माझा.
हा माझा नव्हता.
बोटभर लांब धावदोरा, वाकडातिकडा,
मध्येच काळा, मध्येच निळा,
म्हणजे एकदा नाही,
पुन्हा पुन्हा उसवून शिवलेला.
ज्या माणसानं जन्मात शर्टाचं बटण लावलं नाही
तो माझ्या डब्यातली सुई चोरून
केव्हा शिकला हे?

आत वीस-वीस पौंडांच्या नऊ नोटा,
कागदी, चलनातून गेलेल्या.
आणि एक पाकीट. त्यावर ह्यांच्या अक्षरात:
चि. द्वारकास, भाऊबीज.
पाकिटात हजार-हजारच्या चार.

वन्संशी बोलणं मी बंद केलं ते मिरजेच्या जागेवरून.
"या घरातून तिकडे छदाम जायचा नाही,"
हे वाक्य माझंच,
भाकरी उलथता उलथता बोललेलं.
ह्यांनी मान हलवली होती.
मला वाटलं, होकार.

मग आठवली ती नोव्हेंबरातली दुपार.
टीव्हीवर तिकडची बातमी: आज रात्रीपासून
हजार-पाचशेच्या नोटा म्हणजे नुसता कागद.
हे उठले,
खुंटीवरच्या कोटाला हात लावला,
परत येऊन बसले.
"थंडी वाजतेय का?" मी विचारलं.
म्हणाले, "हो. हीटर लाव."

मुलगा म्हणाला, पोस्टात बदलून मिळतात आई,
लंडन कशाला? तिकिटालाच किती जातील.
पण मला ते दार बघायचं होतं
जिथे जुना कागद ओळखतात.
गल्लीचं नाव थ्रेडनीडल.
सुईदोरा गल्ली!
हे असते तर म्हणाले असते,
बघ, तुझंच माहेर.

रांग फुटपाथवर आलेली. पुढे एक गवंडी,
पावाच्या पिशवीत ओलसर नोटा,
कुणाच्या फळ्या उखडताना सापडल्या म्हणे.
मागे एक बाई, काखेत रबरी शेकायची पिशवी,
तिची आजी तिच्यातच पैसे ठेवायची.
कोणी कोणाकडे फार बघत नव्हतं.

काचेमागच्या मुलानं पासपोर्ट पाहिला, फॉर्म पाहिला,
नोटा दिव्याखाली धरल्या.
"कुठे सापडल्या?"
"नवऱ्याच्या कोटात."
"सॉरी," तो म्हणाला, आणि क्षणभर थांबला.
मग नऊ नव्या मोजल्या,
प्लास्टिकच्या, घडी घातली की आपोआप उलगडणाऱ्या.
ह्यांच्या टाक्यांत या राहिल्या नसत्या.

पाकीटही सरकवलं मी. माहीत असून.
त्यानं चारही उलटून पाहिल्या.
कडेला बारीक अक्षरांची उतरंड,
तिच्यात एक ओळ माझी: एक हजार रुपये.
धारकास देण्याचं वचन
त्याही कागदावर होतं, ह्याही.
"ह्या आमच्या नाहीत," एवढंच म्हणाला,
आणि पाकिटात नीट घालून परत केल्या.

परतीच्या गाडीत कोट मांडीवर.
सुई होती, दोरा होता, नेढं दिसेना.
समोरच्या मुलीनं कानातली बोंडं काढली,
लांब गुलाबी नखांनी दोरा ओवून दिला,
काय शिवता, ते विचारलंसुद्धा नाही.
पाकीट होतं तिथं ठेवलं.
त्यावर ह्यांच्यासारखे टाके घालायला गेले,
लांब, वाकडे,
जमेनात. हात सरळच जातो.
बेडफर्डच्या पुढे पुन्हा उसवलं.

वन्संचा नंबर ह्यांच्या डायरीत, मिरजेच्या पानावर.
तिकडे आता रात्रीचे साडेनऊ.
त्या लवकर झोपतात.
झोपायच्या, निदान.